काट्याची पावती कुठे अडत होती? एका जिनिंगच्या नेटवर्कचं प्रकरण

परभणी जिल्ह्यातली एक जिनिंग-प्रेसिंग. रस्त्यालगत फाटक, फाटकाशी वजनकाटा आणि काटाघर, तिथून बरंच आत ऑफिस, ऑफिसच्या मागे जिन आणि प्रेस हाऊस, एका अंगाला सरकीचं गोदाम. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की ट्रॅक्टर आणि टेम्पो रात्रीच येऊन फाटकाबाहेर रांगेला लागतात. ऐन त्या दिवसांत तिथून फोन आला. तक्रार एवढीच: "सर, नेट लय स्लो झालंय, काटा हँग व्हायलाय."

तक्रारीसोबत उपायही ठरलेला होता. शेठ इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० करणार होते. त्याआधी कुणीतरी एकदा बघून जावं, इतकंच त्यांचं म्हणणं. मराठवाड्यातल्या जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, वेअरहाऊसमध्ये हे मी कायम बघतो. एकेक यंत्र येत जातं, ज्याने आणलं तो त्याची वायर जवळच्या मोकळ्या पोर्टात खोचून निघून जातो. सगळं मिळून कसं चालेल याचा विचार कुणीच केलेला नसतो, आणि बिघडलं की बोल इंटरनेटला लागतो. इथे इंटरनेटचा वेग शेवटपर्यंत होता तोच राहिला. तरी काटा सुरळीत झाला, तो कसा ते सविस्तर लिहितो.

पावती कुठून कुठे जाते

भरलेली गाडी काट्यावर चढते. काट्याखालचे लोडसेल वजन पेलतात, काटाघरातल्या इंडिकेटरवर आकडा उमटतो आणि सिरियल वायरने तो कॉम्प्युटरमध्ये येतो. ऑपरेटर गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव टाकून नोंद सेव्ह करतो. ही नोंद काटाघरात राहत नाही. ती ऑफिसात मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर जाते, कारण काट्याच्या प्रोग्रामचा सगळा डेटा तिथे आहे. गाडी आत जाते, ग्रेडर कापूस आणि ओलावा बघतो, माल खाली होतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. प्रोग्राम ऑफिसातून पहिलं वजन मागवतो, वजावट करतो आणि पावती छापतो. पहिलं वजन सापडलं नाही की पावती नाही, पावती नाही की बिल नाही. रिकामी गाडी काट्यावरच अडकते आणि मागची भरलेली गाडी पुढे येऊ शकत नाही. रात्रभर जागलेला माणूस खिडकीपाशी उभा राहून विचारत राहतो, "झालं का?"

या सगळ्या प्रवासात एकही गोष्ट आवाराच्या बाहेर जात नाही. काटाघर ते ऑफिस हे आवारातलं स्वतःचं नेटवर्क आहे, म्हणजे लॅन. इंटरनेट लागतं ते ई-वे बिलाला, बँकेच्या कामाला आणि शेठना मोबाइलवर कॅमेरे बघायला. मुनीमजींच्या परवानगीने मी मॉडेममधली फायबर, म्हणजे बाहेरून इंटरनेट आणणारी काचेच्या धाग्याची वायर, काढून ठेवली. इंटरनेट पूर्ण बंद, आणि काट्याची पावती मात्र आली. थोड्या वेळाने, काही न बदलता, पुन्हा अडकली. म्हणजे बाहेरच्या लाइनचा या दुखण्याशी संबंध नव्हता. ३०० चा प्लॅन घेतला असता तर पैसे गेले असते आणि रांग तिथेच राहिली असती.

वायरींच्या मागे चालत

अशा ठिकाणी मी कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी कागद-पेन घेऊन वायरींच्या मागे चालतो. कुठली वायर कुठून निघते, कुठे शिरते, मध्ये काय आहे, एवढंच काढायचं. मुनीमजींच्या समजुतीप्रमाणे ऑफिसात एक स्विच, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी, होता आणि सगळं त्याला जोडलेलं होतं. पुस्तकात याला स्टार रचना म्हणतात: मधे स्विच, प्रत्येक यंत्राची वायर वेगळी, एक वायर तुटली तर एकच यंत्र बंद. पूर्वी एकाच जाड केबलवर सगळे कॉम्प्युटर ओवायचे, त्या बस रचनेत एक जोड निखळला की अख्खी ओळ बंद पडायची. स्टार आली ती त्या त्रासातून सुटायला.

कागदावर उतरलं ते वेगळंच होतं. इंटरनेटवाल्याच्या मॉडेममधून वायर टेबलाखालच्या आठ पोर्टच्या स्विचला. त्या स्विचमधून एक वायर कॅमेऱ्यांच्या स्विचला. कॅमेऱ्यांच्या स्विचमधून एक वायर मागे प्रेस हाऊसला, तिथे आणखी एक पाच पोर्टचा स्विच आणि त्याला एक वायफाय राउटर. टेबलाखालच्या स्विचमधून लांब केबल काटाघराला, तिथेही छोटा स्विच, त्यावर काट्याचा कॉम्प्युटर आणि फाटकावरचे कॅमेरे. फांदीतून फांदी निघावी तशी वाढलेली ही रचना. कॅमेरेवाल्याने स्विच बंद केला तर प्रेस हाऊस अंधारात, आणि काट्याच्या एका नोंदीला फाटकाच्या कॅमेऱ्यांच्या चित्रासोबत एकाच वायरमधून वाट काढावी लागणार. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण चार मेगाबिट प्रतिसेकंद दिवसरात्र पाठवत राहतो. वायर धड असेल तर हे ओझं जड नाही, पण ही वायर धड नव्हती. त्याकडे येतोच.

लाइट गेल्यावरच का?

खरा धागा ऑपरेटरने दिला. "सर, सकाळी बरं चालतंय. पण लाइट जाऊन आली की मग काही खरं नसतंय. दोन-तीनदा बंद-चालू केलं की कधी लागतंय, कधी नाही." अशा बोलण्याला मी फार किंमत देतो. बिघाडाला वेळ असते, आणि ती वेळ यंत्रापाशी रोज बसणाऱ्यालाच माहीत असते.

लाइट जाऊन येण्याची वाट बघितली. हंगामात ती फार बघावी लागत नाही. काटा अडकला तसं काटाघरातल्या कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता दाखवणारी आज्ञा, चालवलं. पत्ता दिसला १९२.१६८.०.१०३. ऑफिसातल्या डेटाच्या कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.१.१०. तिसरा आकडा बघा: इथे शून्य, तिथे एक. मास्क, म्हणजे पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा, २५५.२५५.२५५.० असतो तेव्हा पहिले तीन आकडे जुळले तरच दोन यंत्रं एकाच नेटवर्कात धरली जातात. इथे ते जुळत नव्हते. वायर जोडलेली, स्विचवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि तरी काटाघर आणि ऑफिस एकमेकांना परके.

हा शून्यवाला पत्ता दिला कुणी? नेटवर्कात शिरणाऱ्या यंत्राला पत्ता देण्याच्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. नवं यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतं, "मला पत्ता हवाय." डीएचसीपी सर्व्हर देऊ करतो, यंत्र होकार देतं, सर्व्हर नोंद पक्की करतो. या व्यवहारात ओळखपाळख नसते. मोंढ्यात गाडी शिरताना पहिल्यांदा हाक मारेल त्याच्याच आडतीवर माल टाकावा, तसं यंत्र बहुतेक वेळा पहिल्यांदा आलेलं उत्तर धरतं. एका नेटवर्कात उत्तर देणारा एकच असेल तर हे छान चालतं. इथे दोघं होते: ऑफिसातला मॉडेम आणि प्रेस हाऊसमधला वायफाय राउटर.

तो राउटर मोबाइलला रेंज मिळावी म्हणून कुणीतरी लावलेला. वायर त्याच्या लॅन पोर्टात खोचलेली आणि त्याचं डीएचसीपी चालूच. आता लाइटचं गणित लागतं. लाइट आली की छोटा राउटर अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो. फायबरच्या मॉडेमला त्याहून जास्त वेळ लागतो. काट्याचा कॉम्प्युटर यूपीएसवर असल्यामुळे चालूच असायचा, पण काटाघरातला स्विच यूपीएसवर नव्हता. स्विच बंद पडला की कॉम्प्युटरच्या लेखी वायर निघाली, स्विच सुरू झाला की वायर परत लागली, आणि वायर लागली की तो पत्ता नव्याने विचारतो. त्या क्षणी उत्तर द्यायला प्रेस हाऊसचा राउटर हजर, मॉडेम अजून उठतोय. सकाळी मॉडेम कधीच सुरू झालेला असायचा, दोघांत कोण आधी बोलेल हा नशिबाचा भाग, म्हणून "कधी लागतंय, कधी नाही".

प्रेस हाऊसच्या लोकांची एक जुनी तक्रार यातच सुटली. त्यांचं वायफाय दिसायचं, जोडलं जायचं आणि काही उघडायचंच नाही. त्या राउटरच्या इंटरनेटच्या पोर्टात वायरच नव्हती. ज्या मोबाइलला त्याच्याकडून पत्ता मिळायचा, त्याला बाहेरचा रस्ता दाखवायला तो राउटर असमर्थ होता.

राउटर कुठला हे पक्कं करायला काटाघरातून १९२.१६८.०.१ ला सतत पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी उत्तर मागणारी हाक, लावून ठेवला आणि ऑफिसात एकेक वायर काढून बघितली. कॅमेऱ्यांच्या स्विचची वायर काढली आणि उत्तरं थांबली. तिथून पुढे प्रेस हाऊसपर्यंत नकाशाने नेलं. राउटरचं डीएचसीपी बंद केलं आणि त्याला १९२.१६८.१ मधला रिकामा पत्ता दिला, आता तो नुसता वायफायचा खांब. लाइट गेली तरी पत्ता बदलेना. यातला सर्वांत त्रासाचा भाग तिथल्या तिथे, एक रुपयाही खर्च न होता संपला.

एकशे सदतीस मीटर

तरीही पावती अधूनमधून रेंगाळायचीच. कमी वेळा, पण रेंगाळायची. पत्ता बरोबर, पिंग जातोय आणि मध्येच तीन-चार उत्तरं गळतात. आता खालच्या थरात, म्हणजे तांब्याच्या तारेत बघायचं होतं.

लॅन केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन टोकांचे आकडे वजा केले की लांबी मिळते, त्यासाठी टेस्टरही लागत नाही. ऑफिसच्या टोकाला २१२ होता. केबलच्या मागे गेलो तर गोदामाच्या भिंतीवर, वर चढल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, काळ्या टेपचा गोळा. टेप सोडली, आत जोड. जोडापाशी आकडा ३०५. केबलचा पूर्ण डबा ३०५ मीटरचा येतो. म्हणजे डबा तिथे संपला आणि पुढचा तुकडा दुसऱ्या डब्यातला. तो तुकडा ४४ मीटर. पहिला ९३, दुसरा ४४, एकूण १३७.

तांब्याच्या लॅन केबलला मानकाने घातलेली हद्द १०० मीटरची आहे: भिंतीतली पक्की केबल ९० आणि दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी मिळून १०. त्यापुढे केबल एकदम मरत नाही, म्हणूनच ती फसवते. रिकाम्या आवारात, गार हवेत, सगळी यंत्रं बंद असताना १३७ मीटरवरही हिरवा दिवा लागतो आणि लावणारा "चालू आहे" म्हणून निघून जातो.

जोडाची कहाणी त्याहून वाईट. केबलमधल्या आठ तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरची विद्युत कुरकुर दोन्ही तारांवर सारखीच पडावी आणि पलीकडे तिची वजाबाकी व्हावी, याच्यासाठी तो पीळ. म्हणून टोकाला जॅक बसवतानाही पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नये, असा दंडक आहे. इथे बोटभर पीळ सोडून तारा एकमेकींना गुंडाळलेल्या होत्या, आणि तिथूनच दीड वीत अंतरावरून बोअरच्या मोटारीची थ्री-फेज केबल गेलेली. मोटार चालू करायला सांगितली आणि पिंग बघत बसलो. उत्तरं गळायला लागली. बंद केली, थांबली. दुसऱ्या तुकड्याची तार ब्लेडने खरवडली तर वरचा तांबूस रंग जाऊन खाली चंदेरी धातू दिसला: अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. बाजारात ही केबल स्वस्त मिळते आणि दिसायला अगदी तशीच असते. आवारात टाकायला ती घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

"मग मधे एक स्विच टाकून देऊ," ही पहिली सूचना आली. अंतर दोन भागांत विभागलं की नियमात बसतं, हे खरं. पण मधे होतं ते पत्र्याचं गोदाम. साध्या स्विचला ० ते ४० अंश चालतात असं त्याच्याच माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. परभणीचा मे महिना बाहेरच चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालचं विचारूच नका. शिवाय कापसाचे तंतू हवेत भरलेले, ते प्रत्येक फटीत जाऊन बसतात. जिथे वीज, गारवा आणि स्वच्छता यांपैकी काहीच नाही, तिथे यंत्र ठेवायचं नाही. वायरलेस जोडणीही सुचवली गेली. ती चालली असती, पण समोर उभ्या गाड्या आणि कापसाच्या गंज्या चुकवायला उंच खांब लागला असता, आणि मोकळ्या आवारात उंच लोखंडी खांब उभा करायला माझं मन घेत नव्हतं.

कारण विजा. आपल्याकडे वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात आकाश जसं कडकडतं, त्यात दोन इमारतींमधली तांब्याची वायर हा धोकाच असतो. जवळपास वीज पडली तर तारेत झटका येतो, दोन्हीकडचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर फरकाचा प्रवाह याच तारेतून धावतो, आणि स्विचचे पोर्ट जळतात. वॉचमन मामांनी सांगितलं की मागच्या उन्हाळ्यात काटाघरातला स्विच असाच गेला होता. म्हणून काटाघर ते ऑफिस फायबर टाकली. काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे मोटारीची कुरकुर नाही, अर्थिंगचा फरक नाही, आणि अंतराचा प्रश्न तर १३७ मीटरला उद्भवतच नाही. फायबर मुद्दाम स्टीलच्या आवरणाविना घेतली, नाहीतर धातू परत आलाच. उंदीर आणि खारींसाठी ती पाइपातून, गाड्यांच्या वाटेपासून बाजूला, जमिनीखालून नेली. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर यांना जोडणारी पेटी, आणि दोन्हीकडे यूपीएस.

नवी मांडणी

ऑफिसात भिंतीवर बंद रॅक, त्यात पंखा नसलेला एक मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची सेटिंग आपल्याला बदलता येतात असा. आता काटाघर, प्रेस हाऊस, कॅमेरे आणि ऑफिस, प्रत्येकाची वायर थेट या स्विचला येते. माळ मोडली.

मग व्हीलॅनने, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं मांडण्याच्या सोयीने, स्विचचे भाग पाडले. काटा आणि हिशेब १९२.१६८.१० मध्ये, कॅमेरे १९२.१६८.२० मध्ये, आल्यागेल्याचं वायफाय १९२.१६८.३० मध्ये. काटाघरात कॅमेरे आणि कॉम्प्युटर एकाच जागी असल्याने तिथला छोटा स्विचही मॅनेज्ड घ्यावा लागला. फायबर एकच, पण तिच्यात दोन्हींची वाहतूक खूण लावून वेगळी जाते. मॉडेमच्या पुढे एक राउटर ठेवला, तो या भागांना इंटरनेट देतो पण पाहुण्याच्या मोबाइलला हिशेबाच्या भागात शिरू देत नाही. मुनीमजींना ही गोष्ट सर्वांत जास्त पटली. आजवर वायफायचा पासवर्ड मागणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरच्या शेजारी येऊन बसत होता, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पत्ते वाटून घेतले. प्रत्येक भागात १ ते ९९ हातांनी द्यायचे, १०० पासून २०० पर्यंत डीएचसीपीने. पूर्वी कॅमेरेवाल्याने डीएचसीपीच्या हद्दीतलेच पत्ते कॅमेऱ्यांना पक्के देऊन ठेवले होते, त्यातला एक अधूनमधून प्रिंटरला मिळायचा आणि प्रिंटर "ऑफलाइन" व्हायचा. तो प्रश्न वेगळा सोडवावाच लागला नाही.

मॅनेज्ड स्विच घेण्याचं आणखी एक कारण जुन्या टेबलाखाली लोंबत होतं: एक टोक स्विचमध्ये, दुसरं टोक मोकळं, अशी वायर. झाडताना कुणी सद्हेतूने ते टोक त्याच स्विचमध्ये खोचलं असतं तर फेरा तयार झाला असता. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे लॅनवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादा नसते. सगळ्यांसाठी दिलेली हाक फेऱ्यात सापडली की ती फिरत आणि वाढत राहते आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गुदमरतं. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री, रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये काढला: स्विच आपसांत बोलून फेरा ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. साध्या स्विचमध्ये तो सहसा नसतो. इथे तो चालू केला, आणि ती वायरही काढून टाकली.

एक बदल नेटवर्कचा नव्हता, पण मी तो आग्रहाने करवून घेतला. काट्याच्या प्रोग्राममध्ये नोंद आधी काटाघरातल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची आणि मग ऑफिसला पाठवायची, अशी सोय होती; ती बंद होती. ती चालू केली. फायबर तुटली, ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला, तरी गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन काटाघरातच मिळतं आणि पावती निघते. नोंदी मागून जातात. शेतकऱ्याला खिडकीशी उभं ठेवणारी कारणं जितकी कमी करता येतील तितकी करायची, याच हिशेबाने सगळी मांडणी लावली आहे.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना तोच नंबर चिकटवला आणि नकाशाची प्रत रॅकच्या दाराला आतून लावली. कॅमेरेवाला किंवा इंटरनेटवाला आला की मुनीमजी आधी ते दार उघडून दाखवतात आणि "नवीन काही खोचलं तर इथे लिहून जा" म्हणतात.

काटाघरातून ऑफिसला पिंग आता एका मिलिसेकंदाच्या आत येतो, बोअरची मोटार चालू असो की बंद. प्लॅन १०० चाच आहे. प्रेस हाऊसची वायर मात्र अजून तांब्याची आहे. लांबी साठ मीटरच्या आसपास, त्यामुळे नियमात बसते, पण दोन इमारतींमधली असल्याने विजेचा धोका तिलाही आहे. तात्पुरतं दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावलेत आणि त्यांचं अर्थिंग तपासून घेतलंय. हंगाम चालू असताना जिनच्या बाजूला खणता येत नव्हतं. गाठी उचलून आवार मोकळं झालं की वळवाच्या आधी तिथेही फायबर टाकायची, असं शेठशी ठरलं आहे.